आरोग्याचं पत्रक घरात वापरता येईल असं कसं लिहायचं

पावसाळ्यातली गोष्ट आहे. एका घरी गेले होते, दीड वर्षाच्या बाळाला दोन दिवस जुलाब होत होते आणि आईने ओआरएसची बाटली भरून ठेवलेली, झाकण वगैरे लावून अगदी व्यवस्थित. भिंतीवर खिळ्याला आमचंच पत्रक अडकवलेलं. कसं बनवलं विचारलं तर तिने पत्रकावर बोट ठेवून वाचूनच दाखवलं, 'एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवावे'. तसंच केलं होतं तिने. फक्त तिच्याकडची पुडी मेडिकलमधली छोटी होती, २०० मिली पाण्याची म्हणजे साधारण एका ग्लासाची, आणि ती गेली होती अख्ख्या लिटरभर पाण्यात. म्हणजे बाळाच्या पोटात मीठ-साखर जायला हवी तेवढी जातच नव्हती. तिचं काही चुकलं नव्हतं, तिने वाचलं, समजून घेतलं आणि सांगितलं तसं केलं. चूक पत्रकात होती आणि पत्रक मी लिहिलं होतं.

तेव्हापासून मी पत्रक लिहायची पद्धतच बदलली. आशाताई, नर्स, डॉक्टर, शाळेतल्या बाई, सोसायटीच्या ग्रुपवर डेंग्यूचा मेसेज टाकणारे सेक्रेटरी, आपल्यापैकी कितीतरी जण हे काम करतात आणि कसं लिहायचं ते कोणीच शिकवलेलं नसतं, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी, लिहायला बसायच्याही आधी, एकच प्रश्न. हे वाचून झाल्यावर माणसाने हाताने काय करायचंय? माहिती काय द्यायची हा प्रश्न नंतरचा. डेंग्यूचं पत्रक बघा, अर्धं पान विषाणूचे प्रकार, डासाचं शास्त्रीय नाव, रोगाचा इतिहास यातच जातं आणि तळाला एक ओळ येते, 'परिसर स्वच्छ ठेवावा'. आता परिसर स्वच्छ म्हणजे लोक अंगण झाडतात, गटारावर पावडर टाकतात. डेंग्यूचा डास तर घरात साठवलेल्या चांगल्या पाण्यात अंडी घालतो. रांजण, हौद, प्लास्टिकचा ड्रम, कूलर, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवर पडलेला टायर. म्हणून माझ्या पत्रकात पहिली ओळ असते, 'आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी पाण्याची भांडी रिकामी करा, आतून घासा, कोरडी करा'. यातला 'घासा' हा शब्द मी कोणालाही काढू देत नाही, कारण अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात आणि सुकली तरी कित्येक महिने टिकतात, नुसतं पाणी ओतून दिलं तर ती तिथेच राहतात आणि पुन्हा पाणी भरलं की त्यातून अळ्या निघतात. आठवडाच का, तर अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्याच्या आत आपण भांडं घासलेलं असलं पाहिजे. एवढं कारण दिलं की लोक करतात. आणि हा डास दिवसा चावतो, तेव्हा दुपारी झोपलेल्या बाळालाही मच्छरदाणी लावा, ही दुसरी ओळ. विषाणूचे चार प्रकार माहीत नसले तरी ड्रम घासता येतो.

एका कागदावर एकच काम ठेवा. डेंग्यू, मलेरिया, कावीळ, गॅस्ट्रो सगळं एकाच पानावर छापलं की छपाईचा खर्च वाचतो पण घरातल्या माणसाला आपलं कुठलं ते शोधत बसावं लागतं, आणि तापाने फणफणलेलं पोर मांडीवर असताना कोण शोधणार.

आता शब्द. इंग्रजीत मजकूर किती सोपा आहे ते मोजायची सूत्रं आहेत, रुडॉल्फ फ्लेशचं १९४८ चं, हॅरी मॅक्लॉफ्लिनचं स्मॉग १९६९ चं. त्यात वाक्य किती लांब आणि शब्दात अक्षरं म्हणजे उच्चार किती हे बघतात, स्मॉगमध्ये तर तीन किंवा जास्त उच्चारांचे शब्दच मोजतात. मराठीत हे सूत्र तसंच लावलं तर फसतं. 'भाकरीबरोबर' हा शब्द केवढा लांब आहे, पण पहिलीतल्या पोरालाही कळतो. 'अर्श' एवढासा आहे आणि दहा जणांना विचारा, नऊ जण तुमच्याकडे बघत राहतील. मूळव्याध म्हणा, सगळ्यांना कळलं. आपल्या भाषेत प्रत्यय शब्दालाच चिकटतात त्यामुळे शब्द लांब होणारच, त्याला घाबरायचं नाही. शब्द ऐकलेला आहे का, एवढंच बघायचं.

आणि ऐकलेला म्हणजे मराठीच असं काही नाही हं, तसंच इंग्रजीच असंही नाही. गोवर, कावीळ, डांग्या खोकला, धनुर्वात हे आपलेच शब्द आणि घराघरात चालतात, तिथे मिझल्स आणि टिटॅनस लिहायची काहीच गरज नाही. पण क्षयरोग कोणी म्हणत नाही, टीबी म्हणतात. मधुमेहापेक्षा शुगर, उच्च रक्तदाबापेक्षा बीपी, विषमज्वरापेक्षा टायफॉईड, प्रतिजैविकापेक्षा अँटिबायोटिक. अतिसार लिहू नका, जुलाब लिहा, आणि तुमच्या भागात हगवण किंवा ढाळ म्हणत असतील तर तेच लिहा. जलशुष्कता तर मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, 'अंगातलं पाणी कमी होणं' असं सरळ लिहावं. बायकांच्या पत्रकात 'श्वेतप्रदर' छापलेलं असतं, आणि जिला तो त्रास आहे ती म्हणते 'अंगावरून पांढरं जातं'. तिचे शब्द कागदावर दिसले की तिला कळतं की हे माझ्याबद्दल आहे, नाहीतर ती पान उलटून पुढे जाते. कोविडच्या वेळी विलगीकरण आणि अलगीकरण असे दोन शब्द आले, एक आजारी माणसाला वेगळं ठेवण्यासाठी आणि एक संपर्कात आलेल्या पण आजारी नसलेल्या माणसासाठी, फरक सुरुवातीच्या अक्षरांचा. लोकांनी दोन्हीला क्वारंटाईन म्हटलं, आणि नेमकं कोणी किती दिवस घरी बसायचं यात घोळ झाला. दोन वेगळ्या सूचनांना असे सारखे दिसणारे शब्द वापरायचेच नाहीत.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं. बोलताना काही अडत नाही कारण आपण छोटं छोटं बोलतो आणि हातवारे, चेहरा असतो. पण कागदावर वाक्य चार ओळींचं झालं की काय करायचं हे चौथ्या ओळीच्या शेवटी कळतं, तोपर्यंत सगळं डोक्यात धरून ठेवायचं. आणि नकार तर त्याहून शेवटी. हे बघा, 'डेंग्यूची शंका असल्यास तापासाठी अथवा अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामक औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत'. मोबाईलवर हे वाक्य पाच-सहा ओळींत मोडतं आणि कितीदा 'घेऊ' एका ओळीत आणि 'नयेत' पुढच्या ओळीत जातं. मी एका काकांना हे वाचताना बघितलंय, त्यांचं बोट औषधांच्या नावावर थांबलं आणि ते म्हणाले, हां, ही दोन औषधं आणायची का. त्यांना वाचता येत होतं, चष्माही होता. फक्त वाक्य संपायच्या आत त्यांना हवी ती गोष्ट सापडली आणि ते थांबले.

म्हणून वाक्य तोडा. 'डेंग्यूची शंका आहे? ॲस्पिरिन नको. आयबुप्रोफेन नको. रक्त जायची भीती असते. तापाला पॅरासिटामॉल चालतं.' नकार प्रत्येक नावाला चिकटवायचा, म्हणजे नाव वाचलं की लगेच नको कळतं.

टीबीचं एक नेहमीचं वाक्य घेऊ. 'दोन आठवड्यांपेक्षा अधिक कालावधीचा खोकला, सायंकाळी वाढणारा ताप, वजनात लक्षणीय घट व भूक मंदावणे ही लक्षणे आढळून आल्यास नजीकच्या शासकीय आरोग्य संस्थेत थुंकी नमुन्याची तपासणी करून घेण्यात यावी.' यात चुकीचं एक अक्षर नाही, तरी हे कोणी कोणाशी असं बोलत नाही. मी असं लिहिते: 'दोन आठवडे झाले तरी खोकला जात नाही? टीबी असू शकतो. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. पैसे लागत नाहीत. संध्याकाळी ताप येतो, वजन उतरतंय, भूक लागत नाही? मग उद्याच जा.' कधी कधी साहेब लोक म्हणतात की हे फार घरगुती झालं, शासकीय पत्रकाला शोभत नाही, त्यांना मी एवढंच सांगते की हे घरातच वाचायचंय.

'देण्यात यावे', 'घेण्यात यावी', 'दक्षता बाळगावी', 'सदर', 'उपरोक्त', 'नजीकच्या', 'आढळून आल्यास' हे शब्द दिसले की तिथे पेनने गोल करा. 'देण्यात यावे' म्हणजे कोणी द्यायचं? आई की नर्स की आशाताई? 'द्या' लिहा, 'पाजा' लिहा, 'या' लिहा. तुम्ही म्हणून बोला, रुग्णाने आणि लाभार्थ्याने करत बसू नका.

आकडे आणि मापं इथे सगळ्यात जास्त घोटाळे होतात, ओआरएसचं सुरुवातीला सांगितलंच. आता मी लिहिते, 'पुडीवर किती पाणी लिहिलंय ते आधी बघा. १ लिटर लिहिलं असेल तर एक लिटरची पाण्याची बाटली काठोकाठ भरा आणि तेवढ्या पाण्यात पूर्ण पुडी टाका. २०० मिली लिहिलं असेल तर एक ग्लास'. त्यासोबत लिटरची बाटली आणि ग्लास यांचं चित्र. तांब्या लिहू नका, प्रत्येक घरातला तांब्या वेगळा. अर्धी पुडी आत्ता आणि अर्धी नंतर असं करू नका हेही लिहावं लागतं, कारण काटकसर म्हणून लोक करतात.

पातळ औषधाचं पण असंच आहे. पॅरासिटामॉलचं सिरप बाजारात १२५ मिलीग्रॅमचं मिळतं आणि २५० चंही मिळतं, दोन्ही ५ मिलीमागे. पत्रकात नुसतं '५ मिली द्या' लिहिलं तर एका घरात दुसऱ्याच्या दुप्पट औषध जाईल. त्यामुळे अशा औषधाचा डोस सगळ्यांसाठीच्या पत्रकात छापायचाच नाही, तो बाळाच्या वजनावरून डॉक्टरांनी बाटली बघून सांगायचा, पत्रकात फक्त एवढंच की बाटलीसोबत आलेल्या टोपणाने मोजा, घरातल्या चमच्याने नको.

आणखी एक बारीक गोष्ट, पण मी डोळ्यांनी बघितलीय. मराठी १ आणि इंग्रजी नऊ हाताने लिहिले की अगदी सारखे दिसतात. आजीला मराठी आकडे सवयीचे, इंग्लिश मीडियमच्या नातवाला इंग्रजी, आणि औषध काढून द्यायचं काम बहुतेक नातवाकडेच असतं. डोस असेल तिथे आकड्याबरोबर अक्षरी लिहा, 'एक गोळी'. १-०-१ असं तर कधीच नको, 'सकाळी एक, रात्री एक' लिहायला किती जागा लागते? फोन नंबर मी इंग्रजी आकड्यात ठेवते, कारण मोबाईलच्या बटणांवर तेच दिसतात.

दिवसांचंही तसंच. कुत्रा चावल्यावरच्या इंजेक्शनचं वेळापत्रक ०, ३, ७, २८ असं लिहितात. शून्यावा दिवस म्हणजे काय हे कोणाला कळणार, लोक पहिल्या इंजेक्शनला एक धरून मोजतात आणि पुढचं सगळं सरकतं. तारीख लिहून द्या. पहिलं इंजेक्शन १ जूनला घेतलं तर पुढची ४ जून, ८ जून, २९ जून. छापील पत्रकात चार रिकामे चौकोन ठेवा आणि दवाखान्यात सिस्टरने तारखा भरायच्या. आणि या पत्रकाची पहिली ओळ इंजेक्शनची नाहीच, पहिली ओळ 'जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा', कारण ते दवाखान्यात पोचायच्या आधी नळाखाली उभं राहून करायचं आहे. मग 'हळद, चुना, मिरची काही लावू नका', मग 'आजच दवाखान्यात जा'. ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने लिहायचं.

औषध घेतल्यावर जे बघून माणूस घाबरेल ते आधीच सांगून टाका. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी देतात, निदान १८० दिवस. त्या गोळीने संडास काळी होते. हे कोणी सांगितलं नसेल तर तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणतात, बंद कर, उष्ण पडतंय. 'संडास काळी होईल, घाबरू नका, गोळी चालू ठेवा' ही एक ओळ असली की गोळ्या कपाटात पडून राहत नाहीत. चहाबरोबर घेऊ नका हेही त्याच्याच खाली. टीबीच्या औषधाने लघवी लालसर केशरी होते, लोकांना वाटतं रक्त जातंय. जुलाबात झिंकची गोळी १४ दिवस द्यायची असते, जुलाब थांबतात तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मग आई गोळी बंद करते आणि तिच्या जागी मीही तेच केलं असतं. 'जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्या' एवढं हवंच.

धोक्याची लक्षणं वेगळ्या चौकटीत, आणि ती डोळ्याला दिसतील अशी लिहा. 'गंभीर जलशुष्कता' दिसत नाही. 'डोळे खोल गेलेत, बाळ सुस्त पडलंय, पाजलं तरी पीत नाही, संडासातून रक्त पडतंय' हे दिसतं. खाली मोठ्या अक्षरात, लगेच दवाखान्यात न्या, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

दिसण्याबद्दल थोडंच सांगते. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार असतात, ओळी जवळजवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो आणि जोडाक्षरांचा तर ठिपका होतो. इंग्रजी पत्रकात जो फॉन्ट साईझ ठेवला असता त्याच्यापेक्षा एक-दोन पायऱ्या मोठा ठेवा आणि ओळींमध्ये मोकळी जागा सोडा, नाहीतर मजकूर कमी करा. फोटोवर अक्षरं छापू नका. युनिकोडमध्येच टाईप करा, जुन्या फॉन्टमधली फाईल दुसऱ्याच्या फोनवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात. आणि व्हॉट्सॲपवर नुसती इमेज न टाकता तोच मजकूर खाली टाईपही करा, म्हणजे ज्याला दिसत नाही त्याचा फोन वाचून दाखवू शकतो आणि नंतर सर्चही करता येतं. सोबत एका मिनिटाची व्हॉइस नोट टाका, गावातल्याच कोणाच्या तरी आवाजात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तेच पत्रक.

आता तपासणी, आणि हे टाळू नका. पत्रक छापायच्या आधी पाच माणसांकडे घेऊन जा, ऑफिसमधल्या नाही, ज्यांच्यासाठी लिहिलंय त्यांच्यातल्या. 'समजलं का?' असं विचारू नका. समजलं का विचारलं की आपल्याकडे सगळे हो म्हणतात, मोठ्या माणसाला किंवा शिकलेल्याला नाही कसं म्हणायचं. त्याऐवजी म्हणा, 'ताई, मी नीट लिहिलंय की नाही ते मला बघायचंय, हे वाचून तुम्ही काय कराल ते जरा सांगा'. परीक्षा कागदाची आहे, त्यांची नाही, हे आधी कळलं की माणूस मोकळं बोलतो. ओआरएसचं असेल तर पुडी, बाटली, पाणी पुढे ठेवा आणि करून दाखवायला सांगा, तुम्ही गप्प बसा. मधे बोलायचा फार मोह होतो, पण घरी तुम्ही सांगायला नसणार. कुठे थांबल्या, कुठली ओळ दोनदा वाचली, कुठल्या शब्दावर अडखळल्या, ते लिहून घ्या. तीन जणी एकाच ओळीवर अडल्या तर ओळ बदला आणि पुन्हा नवीन माणसांकडे जा.

ओआरएसचं नवीन पत्रक मी असंच नेलं होतं. 'प्रत्येक जुलाबानंतर अर्धा कप पाजा' असं लिहिलेलं, दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पाव ते अर्धा कप असं प्रमाण असतं म्हणून. एका आजीने सगळं बरोबर करून दाखवलं आणि मग विचारलं, उलटी झाली तर? ते मी लिहिलंच नव्हतं. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं आणि मग चमच्या-चमच्याने हळूहळू पुन्हा पाजायचं, ही मला तोंडपाठ असलेली गोष्ट, म्हणूनच लिहायची राहिली होती. आता ती ओळ आहे, अर्ध्या कपाच्या लगेच खाली.

शेवटचं काम, कोपऱ्यात महिना आणि वर्ष टाका. टीबीच्या पेशंटला पोषण आहारासाठी महिन्याला ५०० रुपये मिळतात असं लिहिलेली पोस्टर अजून भिंतींवर दिसतात, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झालेत. तारीख असली की वाचणाऱ्याला विचारता येतं, आणि आपल्यालाही कळतं की कुठलं काढायचं. कुठे कुठे लावलंय त्याची यादी वहीत ठेवा, अंगणवाडी, दवाखाना, रेशन दुकान, एसटी स्टँड, म्हणजे काढायला जाताना एखादं राहून जात नाही.